घड्याळातले माणिकराव

सोनाळ्यात पोर जन्माला आलं की त्याच्या बारशाचं फ्लेक्स माझ्याकडे छापलं जातं. पुढे ते दहावी पास झालं, सोसायटीवर निवडून आलं, बोहल्यावर चढलं, की तीही फ्लेक्सं माझीच. आणि शेवटची 'भावपूर्ण श्रद्धांजली'सुद्धा माझीच! बसस्टँडजवळ 'हरिओम डिजिटल' अशी पाटी दिसते ना, त्यातला हरिओम म्हणजे मी. गेल्या अकरा वर्षांत या गावातल्या एकाही माणसाला मी फ्लेक्सशिवाय वर जाऊ दिलेलं नाही. आता एवढं कर्तृत्व अंगी असलेल्या माणसाला स्वतःच्या सात वर्षांच्या पोरीला घड्याळ शिकवता येणार नाही?

मीही नेमकं हेच म्हणालो होतो. तिथंच फसलो.

मार्च संपत आला होता आणि शाळा सकाळची झाली होती. अर्पिता, म्हणजे आमची पोरगी, दुसरीत आहे. एके दिवशी अकरा वाजता ती वहीत बाईंची चिठ्ठी घेऊन आली. 'मुलीला घड्याळ अजिबात येत नाही. पुढच्या सोमवारी तोंडी परीक्षा आहे. पालकांनी लक्ष द्यावे.'

"काय विचारलं होतं बाईनं?" मी म्हणालो.

"किती वाजले म्हणे."

"मंग तू काय सांगतलं?"

"बासष्ट."

"बासष्ट?"

"टक्के!"

पोरीचा काय दोष? आमच्या घरात वेळ पाहायची म्हणजे मोबाईल पाहायचा, आणि मोबाईल हातात घेतला की आधी चार्जिंग किती उरलं ते पाहून हळहळायचं. पोरगी जे बघत आली तेच शिकली होती.

"आठ दिवसात हिले सेकंदासगट घड्याळ शिकोतो!" मी मांडीवर थाप मारली. "नाई शिकोलं तं नावाचा हरिओम नाई!"

माझी बायको संजीवनी भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुमाले सोताले कधी वेळेवर घरी येता आलं नाई. पोरीले कायचं शिकोता?"

अशा बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे वळलो. आता या घड्याळाबद्दल तुम्हाला आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

माझे वडील, माणिकराव, गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले. यंदा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. जेवून जाणाऱ्या माणसाच्या हातात आठवण म्हणून एखादी वस्तू ठेवायची आमच्याकडे रीत आहे. मी म्हटलं, आपण फ्लेक्सवाले, आपली वस्तूही तशीच पाहिजे. तबकडीवर बाबांचा फोटो असलेली एक्कावन्न घड्याळं मी बनवली! खाली 'कै. माणिकराव यांच्या स्मरणार्थ', वर बारा, मध्ये बाबा.

फक्त फोटोची जरा पंचाईत झाली. समोर बघणारा एकच सापडला, तो मतदार ओळखपत्रावरचा. त्यात बाबांनी श्वास रोखून डोळे वटारले होते. फोटो मोठा केला तसे डोळेही मोठे झाले. त्यात काट्यांचं भोक नेमकं नाकाखाली आलं. लाल सेकंदकाटा दर मिनिटाला एकेका डोळ्यावरून जायचा आणि बाबांची पापणी लवल्यासारखी वाटायची. हे भिंतीवर काही बरं दिसत नाही, असं मला एक्कावन्नच्या एक्कावन्न छापून-वाटून झाल्यावर समजलं. तोवर पन्नास घरांत बाबा टांगले गेले होते. एक्कावन्नावे आमच्या मधल्या खोलीत.

दुपारी बारा ते चार माझं दुकान बंद असतं. त्या दिवसांत बारानंतर आमच्या गल्लीत कुत्रंही फिरत नाही. मी घड्याळ खाली काढलं आणि शिकवणी सुरू केली. हा लहान काटा तासाचा. हा मोठा काटा मिनिटाचा. मोठा तीनवर आला की पंधरा मिनिटं.

"तीन लिव्हलं हाय, मंग पंधरा काऊन?" अर्पिता विचारायची.

तीन दिवस मी पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो. चौथ्या दिवशी मी काटे सव्वानऊवर नेले आणि पोरगी एकदम टाळी वाजवून हसली.

"पप्पा! आजोबाले मिशा फुटल्या!"

मी पाहिलं, तर खरंच! एक काटा इकडे, एक तिकडे, आणि मध्ये बाबांचं नाक. हयातीत बाबांनी कधी मिशी ठेवली नाही. मिशी म्हणजे तोंडावरचं तण, असं ते म्हणत आणि रोज सकाळी निंदणी करत. आता त्यांना ऐटबाज मिशा आल्या होत्या, तरी डोळे वटारलेलेच होते. मला जरा कसंसंच झालं. पण डोक्यात लख्ख प्रकाशही पडला. पोरीला आकडे कळत नाहीत, तोंड कळतं ना? मग तोंडावरून शिकवू!

"दहा वाजून दहा. सांग!"

"मिशा वर! आजोबा हासून राह्यले!"

"आठ वाजून वीस?"

"मिशा खाली. रडून राह्यले!"

"साडेसहा?"

"दोनी काटे खाली! आजोबानं जीभ काढली!"

"शाबास! अन सहा?"

अर्पिता जरा मागे सरकली. "आजोबाचे दोन तुकडे झाले."

"बारा?"

तिनं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "कोनीतरी आजोबाच्या कपाळात खिळा ठोकला."

खरं म्हणजे मी तिथंच थांबायला हवं होतं. पण जिंकणारा माणूस थांबतो का? मी तिला कडेवर घेऊन नाचवलं.

पुढचं मला शेजारच्या सिंधूकाकूंनी सांगितलं, तेही आमच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून. गुरुवारची दुपार. जानरावकाका मोटरसायकलवर बाहेर गेलेले, काकू ओसरीत एकट्याच कुरडयांसाठी चुलीवर गव्हाचा चीक हाटत बसलेल्या. अर्पिता आली आणि आतल्या अंधाऱ्या खोलीकडे तोंड करून उंबऱ्यावर बसली. खेळेना, बोलेना.

"काय पाह्यतं व?" काकूंनी विचारलं.

"आजोबाले."

"कोन्त्या आजोबाले?"

"माह्या. तुमच्या घरात हायेत ना ते."

काकूंच्या हातातला लाकडी हाटा थांबला. "काय... काय करून राह्यले ते?"

"आतालोक बरे होते. आता रडनार हायेत."

मग म्हणे पोरगी गप्प बसली. बाहेर ऊन कडकडत होतं आणि आत कुठेतरी टक, टक, टक एवढाच आवाज. आणि अर्पिता एकदम म्हणाली, "रडले!"

त्याच क्षणी काकूंचा फोन वाजला. जानरावकाका कॅनॉलच्या पुलावर घसरले होते आणि उजवा हात मोडला होता. तेव्हा चारला वीस कमी होते.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. माणिकरावांची नात माणिकरावांना बघते! आता तुम्ही म्हणाल, लोकांना काटे दिसत नव्हते का? दिसत होते. पण भेट म्हणून आलेल्या घड्याळात वेळ कोण पाहतो? टांगलं की विसरलं. आता पहिल्यांदाच लोक घड्याळासमोर ठाण मांडून बसले, तर बाबांचं तोंड खरोखर बदलत होतं! आत्ता हसत होते, घटकेनं वाकडं तोंड, घटकेनं रड. आणि पन्नासही घरांत एकाच वेळी. फोन करकरून लोकांनी खात्री करून घेतली.

शुक्रवारी दुपारी कडूबाकाका आले. छातीत धडकी, खांद्यावर फवारणीचा पंप.

"हरिओम, हा तुह्या बापाचा पंप. बारा वर्सं झाले नेला होता. त्यायले सांगजो, कडूबानं आणून देला म्हणा."

"काका, बाबा जाऊन वर्ष झालं."

"मले नाई मालूम का बे? मीच खांदा देला ना!" त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "काल सांजच्याले साडेसहाले त्यायनं मले जीभ दाखवली."

"काका, ते काटे हायेत! साडेसहाले दोनी काटे खाली येतात!"

"अस्सं? मंग जानरावचा हात कोन्त्या काट्यानं मोडला?"

मी पंप हातात घेतला. आणि खरं सांगू, पंप चांगल्या कंपनीचा होता!

मग ओटीवर वस्तू येऊ लागल्या. पहार, शिडी, दोन टिकाव, चाळण, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांची माळ. कोणी येताना दिसायचं नाही. दुपारी ओटी रिकामी असायची, आणि चहाच्या वेळी पाहावं तर आणखी एक वस्तू भिंतीला टेकवून ठेवलेली. कोणीतरी पाणी तापवायचा पितळी बंब आणून ठेवला. तो आमचा कधीच नव्हता. भीतीच्या भरात त्या बिचाऱ्याला कोणाचा आणला ते आठवलं नसावं.

शनिवारी चार वाजायच्या जरा आधी मी एक फ्लेक्स पोचवायला गल्लीतून निघालो. बाबांवर नजर ठेवता यावी म्हणून लोकांनी घड्याळं समोरच्या खोलीत, दारासमोर आणून लावली होती. गल्ली सुनसान. दारं अर्धी लोटलेली. आणि प्रत्येक दाराच्या फटीतून बाबा माझ्याकडे बघत होते. एका घरातली टकटक संपते न संपते तोच दुसऱ्या घरातली सुरू. मी भराभर चालू लागलो. पंधराव्या घरापर्यंत दोन्ही मिशा उतरल्या होत्या. पुढच्या सगळ्या घरांत बाबा रडत होते. घड्याळं मीच बनवली, काटेही मीच बसवले, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी शेवटची सहा घरं पळत गेलो!

पण खरी काळजी वेगळीच होती. ती माझ्या आईची आणि पूनमची.

आईचं नाव अन्नपूर्णाबाई. बेचाळीस वर्षं तिनं बाबांना विचारल्याशिवाय काही केलं नाही. बाबा गेले आणि ती बोलायचीच थांबली. वर्षभर पाहिलं मी, चूल, देव, झोप. शुक्रवारी तिच्या कानावर हे आलं आणि तिनं घड्याळाखाली पाट मांडला, समोर चहाचा कप ठेवला आणि आजोबा कसे आहेत ते विचारायला अर्पिताला हाक मारली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिच्या तोंडावर तेज पाहिलं. ते बघून हे नुसते काटे आहेत असं सांगायला माझी जीभ उचलेना.

आणि पूनम, माझी धाकटी बहीण. तिला बघायला रविवारी वरवट बकालचे पाहुणे येणार होते. मुलगा प्रज्वल, एसटीत कंडक्टर. पूनम दोन वर्षं कॉलेजला त्याच्याच गाडीनं जात होती, त्यामुळे बघायचं काही शिल्लक नव्हतं. हे मला आणि संजीवनीला माहीत होतं. आईला नव्हतं.

शनिवारी रात्रीचं जेवण वाढता वाढता आई म्हणाली, "उद्या पाव्हणे आले का अर्पिता पाहून सांगीन. हे हासले तं पोरगी देऊ. रडले तं पाव्हण्यायले चहा पाजून वापस."

पूनम अर्ध्या ताटावरून उठली.

नंतर मोरीपाशी ती मला म्हणाली, "दादा, आई नाई म्हणली तं मी मोडीन. तिले मी आनखी नाई रडवनार." असं म्हणून स्वतःच रडायला लागली.

"अवं, मी बसलो ना इथं!" मी म्हणालो. "उद्या बाबा हासल्याबिगर राहत नाईत."

माझा बेत साधा होता. पाहुणे अकराला येणार. त्याआधी काटे दहा वाजून दहावर न्यायचे आणि सेल काढून घ्यायचा. पाहुणे केव्हाही येवोत, बाबा हसतच असतील! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मला त्या वेळी आठवलं नाही.

रविवारी पावणेअकराला आई देवघरात होती. संजीवनी आणि पूनम स्वयंपाकघरात. मी स्टुलावर चढलो, काटे फिरवले आणि मागचा सेल काढला. टकटक बंद पडली. ती बंद पडताच घर एवढं गप्प झालं की मला माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. बाबा मिशा वर करून माझ्याकडे बघत होते. जिवंतपणी ते माझ्याकडे बघून असे कधी हसले नव्हते. मी सेल शर्टाच्या खिशात टाकला आणि मागे न बघता बाहेर आलो.

तेवढ्यात प्रज्वलच्या वडिलांचा फोन. गाडी रस्त्यात बंद पडली होती. मी मिस्त्रीला मागे बसवून निघालो. मिस्त्रीनं बोनेट उघडलं, मान हलवली, सामान आणायला गेला, आला, पुन्हा गेला. पाहुण्यांना घेऊन मी घरी पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते.

मधल्या खोलीत सतरंजी अंथरली होती. पाहुणे बसले. मी घाम पुसला, समाधानानं वर पाहिलं, आणि माझा हात रुमालासकट कपाळावरच राहिला.

घड्याळ चालू होतं.

टक, टक, टक. लाल काटा बाबांच्या डाव्या डोळ्यावरून गेला. मी खिसा चाचपला. सेल खिशात होता! घामानं ओला झालेला, पण होता. मग हे चालतंय कशावर? गावाला चार दिवस समजावून सांगणारा मी, मला आता कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. मनातल्या मनात मी बाबांची माफी मागितली. लहानपणी त्यांच्या खिशातून बिड्या पळवल्या होत्या, त्याचीही मागितली.

मग माझ्या लक्षात आलं की घड्याळात तीन पंचवीस झालेत. दोन्ही काटे उजव्या गालावर. बाबांनी तोंड वाकडं केलं होतं. मोठा काटा हनुवटीकडे निघाला होता. तिथून पलीकडच्या गालावर गेला की चारला वीस कमी. म्हणजे आणखी पंधरा मिनिटांत बाबा रडणार! सगळ्या पाहुण्यांसमोर!

"आई," मी कुजबुजलो, "विचारून टाक ना आताच."

"पाव्हण्यायले पोहे तं खाऊ दे."

प्रज्वलचे वडील शांतपणे एकेक शेंगदाणा वेचून खाणारे निघाले. एक शेंगदाणा, मग उन्हावर दोन वाक्यं, मग पुढचा शेंगदाणा. साडेतीन झाले. बाबांनी जीभ काढल्यासारखा मोठा काटा खाली लोंबला. पूनम चहा घेऊन आली. तिचं लक्ष पाहुण्यांकडे नव्हतंच, भिंतीकडे होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते.

या सगळ्यात प्रज्वल मात्र कोपऱ्यात अर्पिताशी बोलत बसला होता. तिनं त्याचा हात ओढून मनगटावरचं घड्याळ न्याहाळलं.

"याच्यात कोन हाय?"

"याच्यात? कोनीच नाई."

"मंग टाइम कोन सांगते?"

"हे दोन काटे. हे पाह्य, हा लंबा म्हणजे माही गाडी. हे बारा गावं. एका गावाहून दुसऱ्या गावाले पाच मिनिटं. तासात समदे गावं घेऊन वापस."

"अन हा बुटका?"

"तो पायी चालनारा म्हातारा माणूस. माह्या गाडीची पुरी फेरी होते, तवा तो एका गावाहून दुसऱ्या गावाले पोचते. तो कोन्त्या गावाले हाय ते आंधी पाहाचं. मंग गाडी कुठं हाय ते पाहाचं."

मी हे ऐकत होतो, पण माझं चित्त भिंतीवर होतं. मोठा काटा सातवर. साडेसातवर. आठवर. मिशा उतरल्या. चारला वीस कमी. बाबा वटारल्या डोळ्यांनी रडत होते.

"अर्पिता," आई म्हणाली, "इकडं ये."

आईनं पदर डोक्यावर सारखा केला आणि पाटावर बसली. "पाह्य बरं. आजोबा कसे हायेत?"

अर्पितानं वर पाहिलं. मग प्रज्वलच्या मनगटाकडे पाहिलं. पुन्हा वर. बोटांवर काहीतरी मोजलं. पूनमनं डोळे मिटले. मीही मिटले.

"आजी," अर्पिता म्हणाली, "आजोबाची गाडी दहा गावं मागं हाय!"

"काय?"

"काकाच्या घड्याळात साडेचार वाजले. इथं चाराले वीस कमी."

"पन्नास मिनिटं मागं हाय म्हणते ती," प्रज्वल हळूच म्हणाला.

"ते असो माय. हासून राह्यले का रडून?"

अर्पिता आजीजवळ जाऊन बसली. "आजी, हे काटे रोज याच टाइमाले खाली येतात. समद्यायच्या घरी येतात. ते आजोबा नाई करत."

आई घड्याळाकडे बघत राहिली. वर्षानं तोंडावर आलेलं तेज आमच्या डोळ्यांदेखत मावळायला लागलं होतं, आणि हा काट्यांचा खेळ मीच लावून दिला होता.

मला राहवेना. मी खिशातून सेल काढून तिच्यापुढे धरला. "पण आई, सेल तं माह्याकडं हाय! घड्याळ मंग कायच्यावर चालून राह्यलं?"

"तूच काढला होता का?" आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे झालो. "अकराले देवाजवळून उठून आली, तं टकटक बंद. माह्या छातीत धस्स झालं. मले वाटलं, पुन्हा गेले हे. एकदा गेले ते पुरे नाई का? अर्पिताच्या बोलत्या बाहुलीच्या पोटातला सेल काढून घड्याळात टाकला मी."

"मंग काटे काऊन नाई बरोबर केले?" मी म्हणालो.

"मले घड्याळ कुठं येते रे?"

प्रज्वलच्या वडिलांचा शेंगदाण्यावरचा हात थांबला.

"बेचाळीस वर्सं ह्यायलेच इचारत आली," आई म्हणाली. "किती वाजले हो? किती वाजले हो? कधी कधी वेळ नसे पाहाची, तरी इचारे. तेवढंच बोलणं होये आमचं. आता कोनाले इचारू? म्हणून या लेकराले इचारत होती."

मला वाटलं होतं, आई भुताला विचारते. ती वेळ विचारत होती. एका घरात राहून मला हे चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. त्या क्षणी मला माझी फार लाज वाटली.

अर्पितानं मात्र एक क्षण फुकट घालवला नाही. ती आजीचं बोट धरून उठली. "आजी, मी शिकोतो तुले. हे पाह्य, हा पायी चालनारा म्हातारा माणूस. अन हे काकाची गाडी..."

प्रज्वल स्टुलावर चढला, घड्याळ खाली काढलं आणि विचारलं, "आई, बरोबर करू का?" आईनं मान हलवली. त्यानं काटे पुढे नेले. पाहुणे, यजमान, सगळे बाजूला राहिले आणि सतरंजीच्या मधोमध नातीनं आजीची शिकवणी सुरू केली. आई दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तिनं बोट ठेवून, ओठ हलवत गावं मोजली.

"म्हातारा पाचाच्या पह्यले," ती म्हणाली. "गाडी नऊवर. पावणेपाच!"

"बरोबर!" प्रज्वलच्या वडिलांनी मांडीवर थाप मारली. बशी उलटली.

आईनं पदरानं डोळे पुसले, आणि मग पूनमकडे वळली. "गेलेल्या मानसाले काय इचारत बसली मी? तुले पसंत हाय का व?"

"हाव," पूनम म्हणाली. एवढ्या पटकन म्हणाली की पाहुणे हसायला लागले.

अशा रीतीनं माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. सोमवारी अर्पिताला तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले, आणि 'कोणी शिकवलं?' या प्रश्नाला तिनं 'कंडक्टरनं' असं उत्तर दिलं. गावानं मात्र काही मानलं नाही. बंब अजून आमच्या ओटीवर आहे.

पाहुणे गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"हरिओम," ती म्हणाली, "एक सांगून ठेवतो. माह्या वर्षश्राद्धाले घड्याळं नोको वाटू. स्टीलचे डबे वाट. डब्याले मिशा फुटत नाईत."

मी 'हाव' म्हटलं. आईच्या शब्दाबाहेर मी नाही. परवा फक्त दुकानात बसल्या बसल्या सहज एक डबा मापून पाहिला, तर झाकण असं छान गोल निघालं की काय सांगू!